कायरोप्रॅक्टिक आणि झिजेचा संधिवात : हाताच्या दाबाने काय होते, काय होत नाही

बडोद्यातल्या मराठी घरांत 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द हल्ली दोन वाटांनी येतो. एक वाट अमेरिकेतून येणारी. मुलगा-सून किंवा लेक-जावई न्यू जर्सीला, आईवडील सहा महिने त्यांच्याकडे. तिथे कंबर धरते, मुलगा गाडीत बसवून कायरोप्रॅक्टरकडे नेतो, तो टेबलावर पालथे निजवून पाठीवर नेमका दाब देतो, कट्‌कन आवाज होतो आणि हलके वाटते. परत आल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात विचारणा सुरू होते, "आपल्याकडे असे कोणी आहे का हो?" दुसरी वाट मोबाइलची. मान दोन्ही हातांत धरून दिलेला झटका, मोठा आवाज आणि क्षणात हसू लागलेला रुग्ण, असे व्हिडिओ नातेवाइकांच्या गटावर 'सुप्रभात'च्या फुलांसोबत येऊन पडतात.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे मात्र एकाच जातीचे असते. गुडघे जिना चढताना दुखतात, कंबर सकाळी आखडते, मान वळवताना करकरते. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणतात, "झीज आहे, वयाप्रमाणे होणारच." हे ऐकून माणूस नाराज होतो, कारण यात करण्यासारखे काही सांगितलेलेच नसते. मग जो काही करून दाखवतो त्याच्याकडे पाय वळतात, आणि ते स्वाभाविक आहे.

थोडक्यात उत्तर हवे असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो. कंबरदुखीत कायरोप्रॅक्टिकच्या उपचाराने काहींना काही काळ आराम पडतो. गुडघ्याच्या झिजेत त्याचा उपयोग फार मर्यादित आहे. मानेला झटका देऊन घेणे साठीपुढच्या माणसाने टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि झिजलेली कूर्चा परत आणणारा दाब किंवा झटका जगात कोणाच्याच हातात नाही. आता याची कारणे पाहू.

झीज म्हणजे नेमके काय

आपल्या भाषेत 'संधिवात' हा एकच शब्द अनेक वेगवेगळ्या आजारांसाठी वापरला जातो, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. वयाबरोबर येणाऱ्या झिजेच्या संधिवाताला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मणक्यांत हाच प्रकार झाला की रिपोर्टवर 'स्पॉन्डिलोसिस' लिहून येते. यापेक्षा अगदी निराळा असतो तो रुमॅटॉइड संधिवात. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची लहान पेरे सुजतात, सकाळचा ताठपणा तास-तास जात नाही. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दुखणे सांधा वापरला की वाढते. हा फरक डॉक्टरांकडून पक्का करून घेतल्याशिवाय कोणाच्याही टेबलावर झोपू नये. रुमॅटॉइडमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध सैल झालेले असू शकतात, आणि तिथला झटका थेट मज्जारज्जूवर जाऊ शकतो.

झीज म्हटले की आपल्यासमोर स्कूटरचा टायर येतो. घासला, गुळगुळीत झाला, संपला. सांध्याचे तसे नसते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना नेणाऱ्या नसाही नसतात. रक्तवाहिन्याच नाहीत म्हटल्यावर ती जगते कशी? तर भिजलेल्या स्पंजसारखी. वजन पडले की दबते, उचलले की फुगते, आणि या दबण्या-फुगण्यात सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून सांधा 'जपून' पूर्ण विश्रांतीत ठेवणे हा कूर्चेचा उपासच असतो. झिजेच्या संधिवातात कूर्चा पातळ होते हे खरे, पण त्याबरोबर खालचे हाड जाड होते, कडेला हाडाचे काटे फुटतात, अस्तराला अधूनमधून सूज येते आणि आजूबाजूचे स्नायू अशक्त होतात. आजार एकट्या कूर्चेचा नसून सगळ्या सांध्याचा असतो.

यातले स्नायू आपल्या हातात आहेत. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

एक्स-रे आणि वेदना यांचे प्रमाणही सरळ नसते. चित्रात झीज बरीच दिसते आणि माणूस रोज कमाटीबागेला तीन फेऱ्या मारतो. उलट चित्र जेमतेम बिघडलेले आणि माणूस बेजार, असेही असते. म्हणून 'एक्स-रे फार खराब आहे' या वाक्याने घाबरून जाऊ नये, आणि त्या वाक्याच्या जोरावर कोणी महागडे पॅकेज पुढे केले तर दोनदा विचार करावा.

हा आजार किती पसरलेला आहे, याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांवरून येतो. २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना झिजेचा संधिवात होता. त्यातले सुमारे ७३ टक्के पंचावन्न वर्षांवरचे आणि ६० टक्के स्त्रिया. सर्वांत जास्त गुडघ्याचे, ३६ कोटी ५० लाख. आपल्या घरातल्या आजी, मावश्या, काकू आठवून पाहिल्या तर हे आकडे नवे वाटणार नाहीत.

कायरोप्रॅक्टिक आले कुठून

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत. १८९५ सालच्या सप्टेंबरात त्यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबून 'बसवला' आणि त्याचे गेलेले ऐकणे परत आले, अशी या पद्धतीची जन्मकथा आहे. कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूत जाते, पाठीत उतरत नाही. तेव्हा ही कथा वैद्यकाला कधीच पटली नाही. पण पामर यांनी तिच्यावर सिद्धान्त उभारला, की मणके किंचित सरकल्याने नसा दबतात आणि बहुतेक आजार त्यातून होतात. या सरकण्याला त्यांच्याकडे 'सबलक्सेशन' म्हणतात. १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगातही गेले. 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव ग्रीक शब्दांवरून घेतलेले, अर्थ साधा : हाताने केलेले.

पुढची सव्वाशे वर्षे ही पद्धत आणि डॉक्टरांच्या संघटना यांच्यातल्या भांडणाची आहेत. १९८७ मध्ये तिथल्या न्यायालयाने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा ठरवला. हा निकाल व्यापार-स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही हे आपण ठरवत नाही, असे न्यायाधीशांनी त्यातच नमूद केले होते. आज अमेरिकेत हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि प्रत्येक राज्याचा परवाना लागतो. म्हणजे न्यू जर्सीतला कायरोप्रॅक्टर काही रस्त्यावरचा माणूस नसतो. तो एम.डी. डॉक्टर मात्र नसतो. त्यांच्यातही दोन तट आहेत. जुने अजून प्रत्येक दुखण्यात 'सबलक्सेशन' शोधतात. नवे लोक स्वतःला पाठ-मान-सांध्यांपुरते मानतात, व्यायाम शिकवतात, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवतात. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले, की 'सबलक्सेशन'मुळे आजार होतात या दाव्याला संशोधनाचा आधार नाही.

आपल्याला यात फार परके काही वाटू नये. दांडिया बाजारातला प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, बडोद्याच्या मराठी माणसाला सांगायला नको. दंड-बैठका, मल्लखांब, लाठी यांच्याइतकाच तो मुरगळलेले, उतरलेले हाड हाताने बसवण्यासाठी ओळखला गेला. खेळताना खांदा निखळलेल्या पोराला तिकडे नेण्याची रीत कितीतरी घरांत होती. पण निखळणे आणि झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निखळलेला सांधा जागेवरून हललेला असतो, तो जागेवर बसवता येतो. झिजलेला गुडघा जागेवरच असतो. तिथे बसवण्यासारखे काही उरलेले नसते. 'तुमचा मणका सरकलाय, बसवून देतो' हे वाक्य म्हणूनच तपासून घ्यावे. मणका खरोखर पुढे सरकलेला असेल तर तो एक्स-रेत दिसतो, आणि तसा तो असेल तर त्याला झटका देणे हाच धोका असतो.

तो आवाज कशाचा

व्हिडिओंचा सगळा प्रभाव त्या आवाजावर आहे, म्हणून दोन शब्द त्याबद्दल. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर झाले की आत दाब एकदम कमी होतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. त्या क्षणी आवाज येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय यंत्रात बोटाचा सांधा ओढून ही पोकळी होताना चित्रित केली. हाड हाडावर बसल्याचा तो आवाज नव्हे, 'गाठ सुटल्या'चाही नव्हे. बोटे मोडतानाचा आवाज हाच. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही, साधारण वीस मिनिटे थांबावे लागते, कारण तो वायू परत विरघळायला वेळ लागतो.

"बोटे मोडू नकोस, संधिवात होईल" असे आपल्याला लहानपणी सांगत. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी हेच ऐकून साठ वर्षांहून अधिक काळ फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तसाच ठेवला. संधिवात दोन्हीकडे झाला नाही. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल इग्नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला. एका माणसाच्या दोन हातांवरून शास्त्र ठरत नाही, हे खरेच. पण चिकाटीला दाद द्यायला हवी.

मग आवाजानंतर बरे का वाटते? कारण सांध्याभोवतीच्या ताणाने जागे झालेले संदेश वेदनेचे संदेश काही वेळ मागे सारतात, आवळलेले स्नायू सैल होतात, हालचाल थोडी मोकळी होते. हा आराम खोटा नसतो. तो टिकतो थोडा वेळ. आणि आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर तीन मिनिटे देतात, हात लावून गुडघा पाहणारेही आता कमी झाले. इथे एक माणूस अर्धा तास फक्त तुमच्या पाठीकडे लक्ष देतो. दुखणाऱ्या माणसाला याचीही गरज असते, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वे काय म्हणतात

कंबरेपासून सुरू करू. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत मणक्यांवरच्या हस्तोपचाराचे नाव घातले. सोबत हेही लिहिले, की यामागचा पुरावा हलक्या प्रतीचा आहे. व्यायाम, योग, मालिश हेही त्याच यादीत होते. म्हणजे अनेकांपैकी एक उपाय, इतकेच त्याचे स्थान.

गुडघा आणि खुबा यांच्याबाबत दोन मोठ्या संस्थांचे मत जुळत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये म्हटले, की गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेत हस्तोपचाराचा विचार करता येईल, पण तो व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात उलट बाजू घेतली. नुसता व्यायाम करा, त्यात हस्तोपचाराची भर घालून विशेष काही वाढत नाही, असा त्यांचा कल आहे. हा कलही त्यांनी सौम्य शब्दांतच सांगितला. मात्र मतभेद आहे तो भर घालायची की नाही यावर. व्यायाम हवा, यावर दोघांचे पूर्ण एकमत आहे.

शिवाय 'हस्तोपचार' म्हणजे व्हिडिओतला झटका असेच नाही. फिजिओथेरपिस्ट सांध्याला हळूहळू, लयीत हालवतात तोही त्यातच येतो. झिजलेल्या सांध्याला हाच प्रकार मानवतो.

अमेरिकेचा मेडिकेअर विमा या बाबतीत काय करतो, तेही पाहण्यासारखे आहे. तो कायरोप्रॅक्टरच्या हाताने केलेल्या पाठीच्या कण्याच्या उपचाराचे पैसे देतो. गुडघ्याच्या उपचाराचे देत नाही, कायरोप्रॅक्टरने काढवलेल्या एक्स-रेचे देत नाही, आणि प्रकृती सुधारायची थांबून नुसती आहे तशी राखण्यासाठी दर आठवड्याला जात राहिलात तर त्याचेही देत नाही. आपल्यापैकी जे पाहुणे म्हणून जातात त्यांना मेडिकेअर मिळतच नाही, आणि प्रवाशांच्या विम्यातून जुन्या दुखण्याचा खर्च बहुधा वगळलेला असतो. तेव्हा मुलाच्या खिशातून 'बारा बैठकांचे पॅकेज' घेण्याआधी हे माहीत असावे.

मानेबद्दल वेगळे का सांगायचे

मानेच्या मणक्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. मान जोरात फिरवली की त्या ताणल्या जातात. क्वचित त्यांच्या आतल्या आवरणाला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे दुर्मीळ आहे. मानेवरचा झटका आणि ही चीर यांचा संबंध अभ्यासांत आढळला आहे. झटक्यानेच चीर पडते, की आधीच पडलेल्या चिरेमुळे मान दुखते म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो, हे नक्की ठरलेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये मांडले. पण रुग्णाला या धोक्याची कल्पना आधी द्यावी, हेही त्यांनी सांगितले. व्हिडिओत ही कल्पना कोणी देताना मी पाहिलेले नाही.

माझा हिशेब सरळ आहे. मानेच्या झिजेत झटक्याने मिळणारा आराम तात्पुरता आहे, आणि तितकाच आराम हलक्या व्यायामाने, शेकाने, उशीची उंची बदलून मिळू शकतो. मग दुर्मीळ का होईना, एवढा मोठा धोका का पत्करायचा?

हाडे ठिसूळ झालेल्यांनी, म्हणजे पाळी गेल्यानंतर हाडांची घनता तपासलेलीच नाही अशा कितीतरी जणींनीही, पाठीवर जोराचा दाब घेऊ नये. बरगडी किंवा मणका मोडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणारे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेले, रुमॅटॉइडचे रुग्ण, हातापायांत मुंग्या येऊन पकड ढिली पडलेले, या सर्वांनी झटक्याच्या उपचारापासून दूर राहावे. ताप, न कळता घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी ही झिजेची लक्षणे नव्हेत, त्यांची आधी तपासणी हवी. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि कोणी मानेचा झटका घेतलाच, व नंतर मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी नव्हे अशी कळ आली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा तोल जाऊ लागला, तर पडून वाट पाहू नये. १०८ला फोन करावा आणि डॉक्टरांना मानेला झटका दिल्याचे आवर्जून सांगावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आपल्याकडे कोण कायरोप्रॅक्टर

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र कायदेशीर परिषद नाही, डॉक्टरांची असते तशी नोंदणी नाही. परदेशात चार वर्षे शिकून आलेले थोडे लोक आहेत. पण कोणी दोन-चार दिवसांचे शिबिर करून पाटी लावली तरी बाहेरून फरक कळत नाही. फिजिओथेरपिस्टचे तसे नाही. २०२१च्या केंद्रीय कायद्यात त्यांचा व्यवसाय समाविष्ट आहे आणि त्यांना महाविद्यालयाची पदवी लागते. कोणाकडे जायचेच असेल तर कुठे शिकलात, किती वर्षे, हे मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात संकोच कसला? घर बांधणाऱ्या मिस्त्रीला आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

गुडघ्यासाठी खरोखर कामाचे

आता मघाशी सांगितलेल्या स्नायूंकडे येऊ. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू हा गुडघ्याचा धक्के झेलणारा भाग. तो अशक्त झाला की प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर जातो. त्याला बळकट करायला जिमची गरज नाही. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. दुसरा व्यायाम आणखी सोपा : हात न टेकता खुर्चीवरून उठायचे आणि हळू बसायचे. आखाड्यातल्या बैठकीचे हे अर्धे रूप आहे, आणि आपल्या वयाला अर्धेच पुरे. खुर्ची उंच घेतली तर सोपे जाते, जमू लागले की खालची घ्यावी. सुरुवातीला दुखते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखले तर प्रमाण कमी करावे, थांबवू नये. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात. व्हिडिओतल्या दोन सेकंदांपुढे हे कंटाळवाणे आहे, याला इलाज नाही.

नवरात्रात गरबा खेळणाऱ्यांनी हे श्रावणातच सुरू करावे. बडोद्यात राहून नऊ रात्री घरी बसा, असे सांगण्यात अर्थ नाही, कोणी ऐकणार नाही. पण आठ महिने जिना टाळून नवव्या महिन्यात तीन तास गोल फिरले की दसऱ्याला गुडघा सुजणारच.

वजनाचा हिशेब अनेकांना माहीत नसतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले, की वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. पाच किलो उतरवले तर पावलागणिक वीस किलो. कोणत्याही टेबलावर हे मिळत नाही.

बाकीचे पटकन सांगतो. गुडघ्याला लावायचे वेदनाशामक जेल उपयोगी आहे आणि गोळ्यांपेक्षा सुरक्षित. त्याच जातीच्या गोळ्या मात्र औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेऊ नयेत, पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिघेही हिशेब मागतात. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांची शिफारस वर सांगितलेल्या दोन्ही संस्था करीत नाहीत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण उलट धरतात. जुन्या वाड्यांचे उभे जिने चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. पूजा पाटावर बसूनच झाली पाहिजे असे नाही, देव्हारा थोडा वर घेऊन खुर्चीवर बसले तरी चालते. चालणे, काठी, शौचाला उंच बैठक यात कमीपणा मानण्याच्या सवयीने आपल्या पिढीचे गुडघे जास्त बिघडवले आहेत, असे मला वाटते.

हे सगळे नीट करूनही चालणे, झोप, रोजचे व्यवहार अडू लागले तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल ऑर्थोपेडिक सर्जनशी बोलावे. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी म्हणून वर्षानुवर्षे पॅकेजे घेत राहणाऱ्यांचे मांडीचे स्नायू इतके रोडावतात, की पुढे शस्त्रक्रिया केली तरी उभे राहायला जड जाते.

तरीही जायचे असेल तर

कंबरदुखीसाठी प्रशिक्षित कायरोप्रॅक्टरकडे जाऊन पाहण्यात गैर काही नाही. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. गोळ्यांची यादी, हाडांच्या घनतेचा रिपोर्ट बरोबर न्यावा. मानेला झटका नको, हलक्या हाताची पद्धत वापरा, हे टेबलावर झोपण्याआधी सांगावे. पालथे झोपल्यावर बोलायला सुचत नाही. पैसे बैठकीगणिक द्यावेत. चार ते सहा बैठकांत जिना चढणे, झोप, चालणे यांत फरक पडला नाही तर थांबावे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड 'मणके बसवून' बरे करतो म्हणणाऱ्याला पहिल्याच दिवशी नमस्कार करावा. आणि जो व्यायाम शिकवत नाही, फक्त पुढची तारीख देतो, त्यालाही.

अमेरिकेतून परतणाऱ्यांनी तिथे काढलेल्या एक्स-रेची सीडी आणि केलेल्या उपचारांची टिपणे मागून घ्यावीत. मागितली की ती मिळतात. इथल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवली तर तेच फोटो पुन्हा काढावे लागत नाहीत, आणि कोणत्या मणक्यावर काय केले हे नेमके कळते.